मिनरल की साधं?

'मिनरल वॉटर' हा शब्द आपण सगळ्यांनी ताबडतोब वापरायचा बंद करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. शुद्ध मराठीच्या प्रेमापोटी नाही हं. माझ्या दिवसभराच्या बोलण्यात रिलीज, डेडलाईन, क्लायंट आणि अप्रेझल इतक्या वेळा येतं की मी शुद्ध मराठीचा झेंडा हातात घेतला तर माझे मित्रच मला बदडतील :) माझा आक्षेप शब्द इंग्रजी असण्यावर नाही, तो खोटा असण्यावर आहे. आणि हा खोटेपणा निरुपद्रवी असता तर शनिवारची सकाळ त्यावर घालवली नसती.

तर आधी खोटेपणा सिद्ध करू. तुमच्या टेबलावर आत्ता जी पाण्याची बाटली असेल ती उचला आणि लेबल वाचा. कुठल्याही ब्रँडची चालेल. वर मोठ्या अक्षरात डोंगर, थेंब, निळा रंग वगैरे असेल. बारीक अक्षरात बघा, 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' असं लिहिलेलं सापडेल. मिनरल वॉटर नाही. ब्रँड ओळखीचा असेल तर बहुतेक वेळा आयएसआयची खूण आणि तिच्या डोक्यावर 'आय.एस. १४५४३' हा आकडाही दिसेल. हा भारतीय मानक ब्युरोचा मानक क्रमांक. गंमत म्हणजे या मानकाच्या नावातच एक खुलासा आहे: पॅकेज्ड नॅचरल मिनरल वॉटर सोडून इतर बाटलीबंद पिण्याचं पाणी. म्हणजे कंपनी लेबलवर लिहून देते, सरकार मानकाच्या नावात लिहून ठेवतं की बाबांनो, हे मिनरल वॉटर नाही. आणि आपण दुकानात जाऊन काय मागतो? "एक मिनरल वॉटर द्या."

मग खरं मिनरल वॉटर काय असतं? त्याचा मानक वेगळा आहे, आय.एस. १३४२८. जमिनीखालच्या विशिष्ट झऱ्यातून किंवा स्रोतातून थेट येणारं, ज्यातले क्षार निसर्गत:च त्यात आहेत आणि वर्षभर साधारण तेवढेच राहतात, जे उगमाजवळच बाटलीत भरलं जातं आणि ज्यावर गाळण्यासारख्या मोजक्या गोष्टी सोडून फार प्रक्रिया करता येत नाही, असं पाणी. हिमाचलातून येणारं 'हिमालयन' किंवा फ्रान्समधून येणारं 'एव्हियाँ' हे या जातीचं. अमेरिकेत तर नियम असा आहे की मिनरल वॉटर म्हणवून घ्यायचं तर दर दशलक्ष भागात किमान २५० भाग विरघळलेले क्षार हवेत आणि ते वरून घातलेले चालत नाहीत. युरोपातही या शब्दाला कायद्याची व्याख्या आहे, वाट्टेल त्या बाटलीवर तो छापता येत नाही.

आता आपल्या नेहमीच्या बाटलीत काय असतं ते बघू. बोअरचं नाहीतर नळाचं पाणी घ्यायचं, गाळायचं, कार्बनमधून काढायचं, आरओच्या पडद्यातून दाबाने ढकलायचं, अतिनील किरण दाखवायचे, ओझोन सोडायचा, सील करायचं. यातली आरओची पायरी काय करते? पाण्यातली मिनरल्स काढून टाकते! तेच तिचं काम आहे. मग पाणी अगदीच बेचव लागू नये म्हणून कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम असले काही क्षार मोजून परत घालतात. म्हणजे ज्याला आपण मिनरल वॉटर म्हणतो ते बहुधा मिनरल काढलेलं पाणी असतं. माझ्या टीममधल्या एखाद्या फ्रेशरने एखाद्या फंक्शनचं नाव 'डेटा साठवा' ठेवलं आणि आत डेटा पुसायचा कोड लिहिला, तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याचं काय होईल? इथे अख्खा देश तेच नाव वर्षानुवर्षं वापरतोय आणि रिव्ह्यू करणारं कुणी नाही.

हा शब्द आला कुठून? फेलिचे बिस्लेरी हा इटालियन उद्योजक. लोह असलेलं एक टॉनिक आणि नोचेरा उंब्रा इथल्या झऱ्याचं पाणी या त्याच्या प्रसिद्ध गोष्टी. त्याच्याकडचा शब्द खरा होता, पाणी झऱ्याचं होतं. १९६५ साली हे नाव मुंबईत आलं, ठाण्यात कारखाना निघाला, काचेच्या बाटल्यांतून पाणी मोठ्या हॉटेलांत जाऊ लागलं. १९६९ मध्ये पार्लेच्या चौहानांनी तो धंदा विकत घेतला. पुढे प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या आणि पंचतारांकित हॉटेलातलं पाणी एसटी स्टँडवर पोचलं. या प्रवासात झरा कधीच गळून पडला, 'मिनरल' मात्र बाटलीला चिकटून राहिलं. आज लेबलावरून कंपन्यांनी तो शब्द काढलाय, काढावाच लागला. आपल्या जिभेवरून तो कुणी काढला नाही, आणि जाहिरातवाल्यांना तो तिथे फुकट राबतोय.

"अरे, पण भाषा अशीच बदलते की! फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतोच ना आपण?" असं माझा एक कलीग कँटीनमध्ये म्हणाला. म्हणतो की. पण झेरॉक्स म्हटल्याने हातात येणारा कागद बदलत नाही. मशिन कुठल्या का कंपनीचं असेना, कॉपी ती कॉपीच. मला झेरॉक्सपेक्षा डालडा आठवतो. १९३७ साली तो बाजारात आला तेव्हा तो होता हायड्रोजन घालून घट्ट केलेलं वनस्पती तेल. पण लोक त्याला म्हणायला लागले 'वनस्पती तूप'. तूप हा शब्द शेकडो वर्षांची पुण्याई घेऊन आलेला, ती पुण्याई त्या डब्याला आयती मिळाली. शेवटी खऱ्या तुपालाच 'साजूक' हे विशेषण लावून आपली ओळख पटवावी लागली. खोट्याने नाव पळवलं की खऱ्याला ओळखपत्र दाखवावं लागतं, तसं.

पाण्याच्या बाबतीत हेच झालंय. हॉटेलात बसल्या बसल्या वेटर विचारतो, "सर, मिनरल की साधं?" दोन पर्याय आणि त्यातल्या एकाचं नाव 'साधं'. समोर ऑफिसचे लोक असतील, पहिल्यांदा भेटलेली मुलगी असेल, सासरचे पाहुणे असतील, तर 'साधं' म्हणायला जीभ कचरते. आपण कंजूष आहोत किंवा आपल्याला तब्येतीची पर्वा नाही असं काहीतरी त्यातून निघतं. आणि डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंच आहे की हॉटेलं बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकू शकतात, कारण तिथे तुम्ही नुसतं पाणी नाही, बसण्याची सोय आणि सेवाही घेत असता. कायद्याचा युक्तिवाद माझ्या डोक्यावरून जात नाही. पण त्या वाढीव किमतीचा अर्धा रस्ता 'मिनरल' या एका शब्दाने साफ केलेला असतो हे विसरू नका. "बाटलीतलं की नळाचं गाळलेलं?" असा प्रश्न असता तर किती जणांनी बाटली घेतली असती?

पैशाचं आपण सोडून देऊ. आपल्यातले बरेच जण कॉफीवर दोनशे रुपये घालवतात, वीस रुपयांच्या बाटलीवर रडण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न जारचा आहे.

तुमच्या ऑफिसात, जिममध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये, पोळीभाजी केंद्रात तो वीस लिटरचा जार असतो ना, त्यालाही सगळे 'मिनरलचा जार' म्हणतात. आता बाटलीवर किमान सील असतं, परवाना क्रमांक असतो, बॅच असते, तारीख असते. काही झालं तर कुणाला धरायचं ते कळतं. थंड पाण्याच्या अनेक जारांवर यातलं काहीही नसतं. नुसतं दाबून बसवलेलं झाकण. आत काय आहे, कुठून भरलं, जार शेवटचा कधी धुतला, काही पत्ता नाही. पण 'मिनरल' म्हटलं की आपण प्रश्नच विचारत नाही. नावानेच सर्टिफिकेट दिलेलं असतं.

हे किती महागात पडू शकतं ते पुण्याने जानेवारी २०२५ मध्ये पाहिलं. सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडायला लागले. आदल्या दिवशीपर्यंत धडधाकट असलेली माणसं हातापायातली ताकद जाऊन व्हेंटिलेटरवर गेली, काही दगावली. रुग्णांच्या तपासण्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, दूषित पाण्यावर संशय गेला. महापालिकेने त्या भागात पाण्याचे नमुने घेतले तेव्हा खाजगी आरओ प्लांटच्या पाण्यातही गडबड निघाली आणि प्लांटना टाळं ठोकावं लागलं. म्हणजे नळाच्या पाण्याला घाबरून जे लोक विश्वासाने 'मिनरल'कडे वळले होते, त्यांच्या विश्वासालाही आधार नव्हता.

इथे थोडं इंजिनिअरिंग. नळाच्या पाण्याला जो क्लोरीनचा वास येतो आणि ज्याला आपण नाकं मुरडतो, तो म्हणजे त्या पाण्याचा बॉडीगार्ड आहे. शुद्धीकरण केंद्रातून निघाल्यावर पाणी कित्येक किलोमीटर पाईपातून येतं, वाटेत काही घुसलं तर त्याला मारायला थोडा क्लोरीन मुद्दाम शिल्लक ठेवतात. पिण्याच्या पाण्याचा भारतीय मानक, आय.एस. १०५००, लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन मागतो. कार्बन आणि आरओमधून गेलेल्या पाण्यात हा बॉडीगार्ड उरत नाही. सीलबंद बाटलीत ते चालून जातं, कारण बाहेरचं काही आत जायला वाट नसते. पण तेच पाणी उघड्यावर, अर्धवट धुतलेल्या जारमध्ये, ढिल्या झाकणाखाली दोन दिवस ठेवलं तर? चव छान, दिसायला काचेसारखं, आणि रक्षणाला कुणी नाही.

आमच्या सोसायटीत मागे एक प्युरिफायर विकणारा आला होता. दोन ग्लास घेतले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशिनचं. मग एक चार दांड्यांचं यंत्र काढलं, दोन-दोन दांड्या एकेका ग्लासात बुडवल्या आणि बटण दाबलं. मिनिटभरात नळाचं पाणी गढूळ तपकिरी झालं, त्याचं पाणी स्वच्छ राहिलं. शेजारच्या काकू घाबरून म्हणाल्या, "अगं बाई, हे पितो आपण?" मी म्हटलं, "दादा, आता तुमच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि परत बटण दाबा." त्याने सामान आवरायला घेतलं. कारण तो तपकिरी गाळ पाण्यातला नसतोच, तो त्याच्या लोखंडी दांडीतून येतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरतं. क्षार नसले की वीज वाहत नाही, म्हणून त्याचं पाणी स्वच्छ. बारावीचं इलेक्ट्रोलिसिस आहे हे. आता गंमत बघा, तो माणूस पाण्यात मिनरल्स आहेत म्हणून आम्हाला घाबरवत होता, आणि त्याच्या माहितीपत्रकावर वचन काय होतं? 'मिनरल वॉटर घरच्या घरी'!

टीडीएस मीटरचंही तेच. तो मीटर पाण्यातले एकूण क्षार मोजतो, जंतू नाही. टायफॉईडचे जंतू असलेलं पाणीही मीटरवर झकास ८० दाखवू शकतं. आय.एस. १०५०० नुसार ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस स्वीकारार्ह आहे. सह्याद्रीतल्या पावसाचं धरणात साठलेलं पाणी, मग ते खडकवासल्याचं असो की भातशाचं, याच्या पुष्कळ खाली असतं. अशा पाण्याला आरओ लावायचा आणि एक लिटर पिताना दोन-तीन लिटर मोरीत सोडायचं, याला काय म्हणावं? २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला असं सांगितलं होतं, पुढे त्यावर कोर्टबाजी आणि नियमबाजी झाली. ज्यांच्याकडे टँकरचं किंवा खोल बोअरचं पाणी येतं, टीडीएस हजाराच्या घरात जातो, त्यांनी आरओ जरूर लावावा. पण तो क्षार काढायला लावतोय हे माहीत असू द्यावं.

मला जास्त वाईट याचं वाटतं की पाण्याबद्दल बोलायला आपल्याकडे फार चांगले शब्द होते. माझी आजी नवीन गावी गेली की पहिला प्रश्न विचारायची, "पाणी जड आहे की हलकं?" जड पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. हे शुद्ध रसायनशास्त्र आहे: पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींमधल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं. मचूळ, खारट, गोडं, गढूळ, निवळलेलं, शिळं, बाधलेलं... प्रत्येक शब्द पाण्याबद्दल एक खरी माहिती देतो. तुरटी फिरवली, पाणी निवळू दिलं, उकळलं, गाळलं, यातला प्रत्येक शब्द पाण्याचं नेमकं काय केलं ते सांगतो. (आणि हो, तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, त्याला उकळायलाच हवं. आजीचं सगळंच बरोबर होतं असं माझं म्हणणं नाही.) या सगळ्या शब्दांच्या जागी आपण एकच शब्द आणला, आणि तो काहीच सांगत नाही. 'मिनरल' म्हणजे नेमकं काय केलेलं पाणी? कुणी केलं? कुणी तपासलं? शून्य माहिती.

यावर हमखास येणारा प्रश्न: "म्हणजे काय, सरळ नळाला तोंड लावून प्यायचं का? महापालिकेवर भरवसा ठेवायचा?" आंधळा भरवसा मुळीच नको. पाईप फुटतात, ड्रेनेज मिसळतं, सोसायटीची टाकी वर्षानुवर्षं धुतलेली नसते. पण म्हणूनच तर शब्द नीट हवेत. महापालिकेने काय करावं हे आपण 'पाणी तपासलं का, क्लोरीन किती आहे' असं विचारलं तरच ती सांगेल. मुंबईला १८६० साली विहार तलावाचं पाणी मिळायला लागलं, आज सात तलावांमधून ते येतं, आणि घरगुती ग्राहकाला हजार लिटरला दहा रुपयांपेक्षाही कमी दर पडतो. वीस रुपयांची बाटली धरली तर तिचा दर याच्या किमान दोन हजार पट झाला. ही एवढी मोठी व्यवस्था आपली आहे, आपल्या पैशाची आहे. पण ओरडू शकणारा, मेल लिहू शकणारा, नगरसेवकाला गाठू शकणारा आपल्यासारखा वर्ग 'आमच्याकडे मिनरल येतं' म्हणून त्यातून उठून गेलाय. मागे उरली कामवाली मावशी, वॉचमन काका आणि बांधकामावरचे मजूर. त्यांचा नळ बिघडला तर त्यांच्यासाठी कोण भांडणार?

आणि बाटली म्हणजे सुटका आहे असंही समजू नका. २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने दिल्ली-मुंबईच्या बाटल्यांमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं, त्यानंतर मानक कडक झाले. २००१ पासून आयएसआयची खूण सक्तीची होती, ती सक्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने काढली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बाटलीबंद पाणी जास्त जोखमीच्या खाद्यपदार्थांच्या गटात टाकलं. सरकारी कागदावर जास्त जोखीम आणि आपल्या तोंडी मिनरल! ब्रिटनमध्ये २००४ साली कोका-कोलाने 'दसानी' आणलं, ते नळाचंच पाणी प्रक्रिया करून भरलेलं आहे हे वर्तमानपत्रांनी उघड केलं, मग त्यात ब्रोमेट जास्त निघालं आणि काही आठवड्यांत ते बाजारातून मागे घ्यावं लागलं. अमेरिकेत २००७ मध्ये पेप्सीने 'अ‍ॅक्वाफिना'च्या लेबलवर पाणी सार्वजनिक स्रोतातलं आहे असं लिहायचं मान्य केलं. तिथल्या लोकांनी शब्दावरून भांडण केलं म्हणून हे झालं. शब्दावरून भांडणं म्हणजे रिकामटेकडेपणा असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे सांगतोय.

असो. नुसता त्रागा करून थांबणं मला आवडत नाही, म्हणून तीन सोप्या गोष्टी.

एक, दुकानात आणि हॉटेलात 'बाटलीचं पाणी' म्हणा. त्यात कमीपणा काही नाही आणि खोटंही काही नाही. मिनरल वॉटर तेव्हाच म्हणा जेव्हा लेबलवर तसं छापलेलं असेल.

दोन, सोमवारी ऑफिसला गेलात की अ‍ॅडमिनला विचारा, आपला जार कुठल्या प्लांटचा, त्यांचा परवाना क्रमांक काय, शेवटचा लॅब रिपोर्ट कधीचा. जंतूंच्या तपासणीचा रिपोर्ट मागा, टीडीएसचा नको. उत्तर मिळालं नाही तर तेही एक उत्तरच आहे.

तीन, सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला पार्किंगची भांडणं सुरू व्हायच्या आधी हात वर करा आणि टाकी शेवटची कधी धुतली ते विचारा. क्लोरीन तपासायचं छोटं किट मिळतं, सोसायटीच्या खर्चाने एक आणायला लावा. पाणी आलं की टाकीच्या तोंडाशी दोन थेंब टाकायचे आणि रंग बघायचा, पाच मिनिटांचं काम आहे. रंग आला नाही तर फोटो काढून त्याच दिवशी महापालिकेकडे तक्रार करा, आणि वॉचमन काकांना त्या दिवशी पाणी उकळून प्यायला सांगायला विसरू नका.